बातम्यांवरची विनोदी प्रश्नमंजुषा: प्रश्न कसा रचायचा आणि कुठे फसतं

प्रश्न थोडक्यात असा: बीबीसी रेडिओ ४ वरचा ‘द न्यूज क्विझ’ आणि अमेरिकेतल्या एनपीआर या सार्वजनिक रेडिओचा ‘वेट वेट... डोंट टेल मी!’ हे दोन्ही कार्यक्रम नियमित ऐकतो. तसाच अर्ध्या तासाचा कार्यक्रम चौघांनी मिळून मराठीत, पॉडकास्ट म्हणून करायचा आहे. दोन भाग करून पाहिले, पण एक शाळेतल्या सामान्यज्ञान स्पर्धेसारखा झाला आणि दुसरा कट्ट्यावरच्या गप्पांसारखा. चुकतंय काय?

बहुतेक वेळा चूक प्रश्नात असते आणि खापर पाहुण्यांवर फुटतं. या प्रकारात प्रश्न म्हणजे खुंटी. लोक बघतात सदरा, खुंटीकडे कोणी पाहत नाही. पण खुंटी हलली की सदरा खाली. प्रश्न फार सरळ असेल तर उत्तर येतं आणि विषय संपतो, म्हणजे तुमचा पहिला भाग. प्रश्न नुसता निमित्तापुरता असेल तर मंडळी भरकटतात, म्हणजे दुसरा.

उदाहरण घेऊ. ‘ऑक्टोबर २०२२ मध्ये ब्रिटनच्या कोणत्या पंतप्रधानांनी राजीनामा जाहीर केला?’ उत्तर: लिझ ट्रस. बरोबर, एक गुण, पुढे चला. या प्रश्नातून विनोद काढायचा तर पाहुण्याला शून्यातून सुरुवात करावी लागते. आता हाच विषय असा विचारा: ‘ऑक्टोबर २०२२. एका ब्रिटिश वर्तमानपत्रानं ६० पेनींना एक वस्तू आणली, तिला डोळे चिकटवले, वर केसांचा टोप घातला, कॅमेऱ्यासमोर ठेवली आणि वाचकांना विचारलं, आधी कोण जाणार? ती वस्तू कोणती, आणि शर्यत कोणाशी?’ उत्तर: लेट्यूसचा गड्डा, शर्यत पंतप्रधानांशी. इथे ऐकणाऱ्याच्या डोळ्यापुढे चित्र उभं राहतं. पाहुण्याला भाजीकडून जाता येतं, राजकारणाकडून जाता येतं, वर्तमानपत्राच्या टवाळीकडून जाता येतं. उत्तर ठाऊक नसलं तरी चुकीचं उत्तर देण्यात मजा आहे, आणि ठाऊक असलं तर ते सांगण्याआधी चार वळणं घेता येतात.

सूत्रसंचालकाच्या हातात याखाली आणखी दोन पायऱ्या असायला हव्यात. एक, ही कल्पना ‘द इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकानं त्याआधी काही दिवस केलेल्या टोमण्यातून आली. त्यांनी ट्रस यांच्या सत्तेचा काळ लेट्यूसच्या टिकण्याइतका आहे असं म्हटलं होतं, आणि ‘डेली स्टार’ या वर्तमानपत्रानं ते शब्दशः घेतलं. दोन, थेट प्रक्षेपण सुरू झालं १४ ऑक्टोबरला आणि राजीनामा जाहीर झाला २० ला. लेट्यूस जिंकलं. पाहुणे थंड पडले की या पायऱ्या एकेक करून टाकायच्या. सगळी माहिती प्रश्नातच कोंबली तर पुढे टाकायला काही उरत नाही. नवख्यांची ही सर्वांत मोठी चूक.

म्हणून प्रत्येक प्रश्नाचं एक कार्ड करा. वर प्रश्न, फार तर ३०–३५ शब्दांचा. त्याखाली एका ओळीत उत्तर. मग तीन पडताळलेल्या गोष्टी आणि प्रत्येकीपुढे ती कुठून घेतली, केव्हा पाहिली याची नोंद. मग सूत्रसंचालकासाठी लिहिलेले दोन विनोद, पाहुण्यांकडून काही आलंच नाही तरच वापरायचे. शेवटी पुढच्या विषयाकडे नेणारी एक ओळ. ही शेवटची ओळ लोक लिहीत नाहीत, आणि मग प्रत्येक प्रश्नानंतर ‘बरं... तर... पुढचा प्रश्न’ असं होतं. एका प्रश्नात, साल सोडून, आकडा एकच ठेवा. कानाला दुसरा आकडा आला की पहिला निसटतो.

आता मराठीपुरती एक अडचण. ऐकून ऐकून इंग्रजी विनोदाची चाल डोक्यात बसलेली असते आणि ती मराठीत चालत नाही. इंग्रजीत धक्क्याचा शब्द सहज वाक्याच्या शेवटी जातो. मराठीत शेवटी क्रियापद बसतं. ‘पंतप्रधानांना लेट्यूसनं हरवलं’ हे वाक्य म्हटलं तर हसण्याचा शब्द मधेच येऊन जातो आणि लोक हसायला लागेपर्यंत ‘हरवलं’ त्यांच्या हशावर पडतं. वाक्य फोडा: ‘पंतप्रधान हरल्या. कोणाकडून? लेट्यूसकडून.’ किंवा बोलीत आपण उलटवतोच तसं उलटवा: ‘हरवलं कोणी, तर लेट्यूसनं!’ संहिता हातात घेऊन प्रत्येक विनोदाचा शेवटचा शब्द अधोरेखित करा. तिथे ‘आहे’, ‘होतं’, ‘गेलं’ दिसलं तर वाक्य पुन्हा लिहा. एवढ्या एका गोष्टीनं अर्धा कार्यक्रम सुधारतो, आणि याला पैसे लागत नाहीत.

साचा कोणता घ्यावा? ‘द न्यूज क्विझ’ १९७७ पासून चालू आहे. कल्पना निकोलस पार्सन्स यांची मानली जाते, कार्यक्रम उभा केला निर्माते जॉन लॉइड यांनी, आणि पहिले सूत्रसंचालक बॅरी नॉर्मन. सुरुवातीच्या काळात ‘प्रायव्हेट आय’ आणि ‘पंच’ या दोन विनोदी नियतकालिकांकडची माणसं समोरासमोर बसत, म्हणजे मूळ पिंड पत्रकारांच्या खोडकरपणाचा. स्टँडअपवाले मागाहून वाढले. रचना साधी आहे: सूत्रसंचालक, चार पाहुणे, आठवड्यातले मोठे विषय, मधे वर्तमानपत्रांतली मासलेवाईक कात्रणं. २०२० पासून ही खुर्ची अँडी झाल्ट्झमन यांच्याकडे आहे. गुण दिले जातात, पण त्यांना काडीची किंमत नाही आणि ते कोणी लपवतही नाही.

‘वेट वेट’ जानेवारी १९९८ मध्ये सुरू झाला. त्याच वर्षापासून पीटर सेगल सूत्रसंचालक आहेत, आणि गुणलेखकाच्या जागी २०१४ पर्यंत कार्ल कॅसल होते, नंतर बिल कर्टिस. कार्यक्रम शिकागोतून होतो. इथे रचना फार घट्ट: फोनवरचा श्रोता तीन अवतरणं ऐकून बातमी ओळखतो, तीनपैकी दोन आली की जिंकला, तीन पाहुणे तीन किस्से सांगतात, त्यातला एकच खरा, नामवंत पाहुण्याला त्याच्या क्षेत्राबाहेरचे तीन प्रश्न, लिमरिकमधला (पाच ओळींच्या विनोदी कवितेतला) शेवटचा शब्द ओळखणं, आणि शेवटी प्रत्येक पाहुण्याला ६० सेकंदांत गाळलेल्या जागा, बरोबर उत्तराला दोन गुण. बक्षीस म्हणून कॅसल तुमच्या घरच्या आन्सरिंग मशीनवर स्वतःच्या आवाजात निरोप रेकॉर्ड करून देत. बातम्या वाचण्यात आयुष्य गेलेला तो भारदस्त आवाज ‘साहेब घरी नाहीत’ म्हणतोय, यातच सगळा विनोद. खर्च शून्य. असं काही तुम्हालाही सुचलं तर बक्षिसाचे कॉफी-मग आणि पेनड्राइव्ह यांच्या फंदात पडू नका.

नवख्या मंडळींनी ‘वेट वेट’चा घट्ट साचा घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. ‘न्यूज क्विझ’ ऐकायला सोपा वाटतो कारण तिथली माणसं सराईत आहेत. सैल साच्यात कच्ची माणसं उघडी पडतात. घट्ट साच्यात एखादा पाहुणा दोन मिनिटं गप्प बसला तरी पुढचा खेळ त्याला उचलून घेतो.

पण हे खेळ मराठीत आणताना प्रत्येकाला वेगळी शिवण लागते.

गाळलेल्या जागा. इंग्रजीत रिकामी जागा शेवटी आणता येते, मराठीत ती क्रियापदाच्या आधी येते. तेव्हा शाळेतलं ‘टिंब टिंब’ वापरा आणि क्रियापद भरकन उरकून टाका: ‘सुएझ कालव्यात सहा दिवस अडकलेलं टिंब टिंब अखेर सुटलं.’ बारा शब्दांच्या आत एक प्रश्न बसला तर ६० सेकंदांत सात-आठ होतात. सहा-सात प्रश्न सरळ, आणि शेवटचा एक चक्रम बातमीचा, ज्याचं उत्तर सूत्रसंचालकच खुलवून सांगतो. घड्याळ खरं लावा. अंदाजे ‘वेळ संपली’ म्हटलं की खेळ खोटा वाटायला लागतो.

लिमरिक. इथे तर मराठी फसवतेच. क्रियापदांच्या प्रत्ययांमुळे यमक इतकं सोपं जुळतं की रिकाम्या जागी दहा शब्द बसतात: ‘गेला’, ‘नेला’, ‘मेला’, ‘केला’. श्रोत्यानं वेगळा शब्द सांगितला आणि तोही बसला तर तुम्ही अडकलात. म्हणून शेवटचा शब्द नाम ठेवा, क्रियापद त्याच्या आधी घ्या, आणि आधीच्या दोन ओळींतली यमकंही नामांची किंवा विशेषणांची ठेवा. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे ४०० मीटर लांबीचं जहाज सुएझमध्ये आडवं झालं, त्यावर नमुना:

सुएझला आडवा पडला डोलारा,
सहा दिवस खोळंबला व्यापार सारा.
विचारलं, ‘दोषी कोण?’
तर पलीकडून आला फोन:
‘आमचं काय नाही हो, सुटला होता...’

‘वारा’. दुसरं काही बसत नाही, आणि बातमीत जोराच्या वाऱ्याचं कारण खरोखरच पुढे केलं होतं. दोन्ही अटी पाळल्या जायला हव्यात. वात्रटिका लिहिणारा कोणी ओळखीत असेल तर हे काम त्याच्याकडे द्या. मीटर कानात असलेला माणूस अर्ध्या तासात तीन देतो, नसलेला दोन दिवस घाम गाळतो.

तीन किस्से, एक खरा. इथे पहिला नियम: खरा किस्सा तिघांत सर्वांत अविश्वसनीय वाटणारा निवडा. दुसरा, तिन्हींचं अंग एकच हवं. खऱ्या बातमीत गावाचं नाव, रक्कम, तारीख असते. खोटी रचताना लोक ‘एका शहरात एक माणूस’ लिहितात आणि ऐकणारा पहिल्या वाक्यात ओळखतो. तिन्ही साधारण १२० शब्दांचे, तिन्हींत एक आकडा, एक जागा, एक बोललेलं वाक्य. खरा कुठला हे सांगून झाल्यावर ‘बाकीचे दोन रचलेले होते’ हे कार्यक्रमात स्पष्ट शब्दांत म्हणा आणि त्या किश्श्यांत खऱ्या माणसांची, कंपन्यांची नावं घालूच नका. तेवढाच तुकडा कापून कोणीतरी व्हॉट्सॲपवर फिरवणार हे गृहीत धरा. तुमचा रचलेला किस्सा आठवड्याभरात कुणा काकांकडून बातमी म्हणून तुमच्याच फोनवर परत येईल.

कात्रणं. मराठी वर्तमानपत्रांत माल भरपूर आहे, छोट्या जाहिरातींत विशेष. पण छपाईची प्रत्येक चूक रेडिओवर चालत नाही. ‘शिक्षक दीन’ असं फलकावर छापलेलं डोळ्याला फार भारी वाटतं, कानाला मात्र ‘दिन’ आणि ‘दीन’ एकच. ऱ्हस्व-दीर्घाच्या गमती टाकून द्या. अक्षरं पुढेमागे झालेली, विरामचिन्ह गळून अर्थ उलटलेला, एकाखाली दुसरा मथळा येऊन झालेला घोळ, हे ऐकू येतं. वाचणाऱ्यानं हसायचं नाही, आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या वाचाव्यात तसं वाचायचं. ‘न्यूज क्विझ’मध्ये वर्षानुवर्षं शार्लट ग्रीन यांच्यासारख्या खऱ्या वृत्तनिवेदिका हे काम करत. विनोद त्या कोऱ्या आवाजातच असतो.

पाहुणे. तीन विनोदवीर बसवू नका. एक तरी बातमीतलं खरं कळणारा हवा, पत्रकार किंवा वकील. विनोदवीर त्याच्या माहितीवर खेळतो, नाहीतर तिघंही एकाच मथळ्यावर एकच विनोद करतात. सकाळी त्यांना विषय कळवा, प्रश्न नाही. प्रश्न आधी दिला की माणूस घरून पाठ करून येतो आणि शेजाऱ्याचं ऐकत नाही. बोलीची नक्कल करून हशा मिळवणाऱ्याला पहिल्याच दिवशी आवरा. वऱ्हाडी किंवा मालवणी लहेजा हा विनोद नव्हे, विनोद न सुचल्याची खूण आहे.

आठवडा कसा लावायचा. दोन्ही मूळ कार्यक्रम साधारणपणे गुरुवारी रेकॉर्ड होतात. ‘न्यूज क्विझ’ शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला लागतो, ‘वेट वेट’ शनिवार-रविवारी. हे अंतर मुद्दाम कमी ठेवलेलं आहे. तुम्ही सोमवारी १५–२० बातम्या गोळा करा, मंगळवारी त्यातल्या दहांचे प्रश्न, बुधवारी पडताळणी आणि काटछाट करून आठ. २८ मिनिटांच्या भागाला साडेतीन मिनिटांचे सहा प्रश्न पुरतात; उरलेल्या सात मिनिटांत कात्रणं, गाळलेल्या जागा, सुरुवात आणि शेवट. सातवा-आठवा प्रश्न राखीव, त्यातला एक न शिळा होणारा ठेवा. ट्रस यांचा राजीनामा आला तो २० ऑक्टोबर गुरुवारच होता, दुपारची वेळ. रेकॉर्डिंगच्या दिवशी असं झालं की पाच कार्डं फाडून जागेवर नवी लिहावी लागतात, आणि तेव्हा राखीव प्रश्न हेच भांडवल असतं. ज्या बातमीत माणसं गेली आहेत आणि अजून मोजणी चालू आहे, ती त्या आठवड्यात घेऊच नका. नंतरच्या सरकारी सारवासारवीवर बोलता येतं, तेव्हा बोला.

रेकॉर्डिंग. प्रत्येकाला वेगळा माइक आणि वेगळा ट्रॅक, ही चैन नव्हे. एकाच माइकभोवती चौघं बसले तर संपादन जवळजवळ अशक्य, कारण एकाचं वाक्य काढायचं तर दुसऱ्याचं हसू तुटतं. शुअर एसएम५८ सारखा डायनॅमिक माइक, तोंडापासून चार बोटं ते एक वीत. रेकॉर्डरच्या मापकावर (तिथे शून्याला आवाज फाटतो) आवाज साधारण उणे १८ डेसिबलवर आणि सर्वांत मोठं हसणंही उणे ६ च्या खाली राहील असं लावा. विनोदी कार्यक्रमात माणसं अचानक किंचाळतात. समोर २०–३० माणसं बसवता आली तर नक्की बसवा, आणि त्यांच्यासाठी दोन वेगळे माइक टांगा, पाहुण्यांकडे पाठ करून. प्रेक्षक नसतील तर नसू द्या, पण डबाबंद हशा नको. झूमवर करणार असाल तर प्रत्येकानं आपापल्या यंत्रावर वेगळं रेकॉर्ड करायचं, सुरुवातीला एक टाळी, आणि मागाहून टाळीवर टाळी जुळवायची. तरीही समोरच्याचं हसू क्षणभर उशिरा पोचतं आणि त्या क्षणात माणूस आपला विनोद पडला असं समजून स्पष्टीकरण द्यायला लागतो. एका खोलीत बसणं परवडत असेल तर बसाच.

२८ मिनिटांसाठी ७५–९० मिनिटं रेकॉर्ड करा. ‘वेट वेट’चा तासाभराचा भागही जवळपास दोन तासांच्या रेकॉर्डिंगमधून निघतो. सूत्रसंचालक अडखळला तर तिथे थांबू नका. सगळं संपल्यावर, माइक आणि खुर्ची न हलवता, ती वाक्यं पुन्हा म्हणून घ्या. आणि ३० सेकंद सगळे गप्प बसून खोलीचा आवाज घ्या. हे सगळे विसरतात आणि मग कापलेल्या जागी आवाजाला भोक पडतं.

संपादनात एकच गोष्ट हात धरून शिकवावी अशी आहे: हसू चढत असताना कापायचं नाही. ते शिखरावर जाऊन उतरायला लागलं की तिथे कट, आणि पुढच्या वाक्याची सुरुवात त्या उतरणीवर अर्ध्या सेकंदापर्यंतच्या क्रॉसफेडनं (एक आवाज विरताना दुसरा वर आणून) चढवा. हसू पूर्ण संपेपर्यंत थांबलात तर प्रत्येक विनोदानंतर खड्डा. दुसरं, पाहुण्याचा सर्वांत चांगला विनोद ज्या वाक्यावर उभा आहे ते वाक्य वेळ वाचवायला उडवू नका. पडलेला विनोद बऱ्याचदा पाया कापलेला विनोद असतो. शेवटी आवाजाची पातळी स्टिरिओ पॉडकास्टसाठी उणे १६ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक) आसपास ठेवा.

कायद्याचं थोडक्यात, पण दुर्लक्ष करू नका. भारतात खासगी एफएम आणि सामुदायिक रेडिओ यांना स्वतःच्या बातम्या आणि चालू घडामोडी प्रसारित करता येत नाहीत; आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावण्यापुरती मुभा आहे. म्हणजे पॉडकास्ट हा तुमचा निर्णय योग्यच आहे. बदनामी मात्र इथे फौजदारी गुन्हाही आहे: पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ४९९–५००, आता भारतीय न्याय संहितेचं ३५६, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती तरतूद वैध ठरवली. आणि फौजदारीत ‘खरं आहे’ एवढंच पुरत नाही, सांगण्यात लोकहित होतं हेही दाखवावं लागतं. लोकसेवकाच्या सार्वजनिक वागण्यावर सद्‌भावनेनं दिलेलं मत अपवादात बसतं, त्याच्या घरच्या माणसांवरचा टोमणा बसत नाही. तेव्हा विनोदातला तथ्याचा भाग आणि मताचा भाग कार्डावरच वेगळे दिसू द्या. ‘मंत्र्यांनी हे वाक्य म्हटलं’ याला पुरावा हवा. ‘ते ऐकून मला माझ्या गणिताच्या मास्तरांची आठवण झाली’ याला नको. पाहुणा ओघात ‘पैसे खाल्ले’ म्हणून गेला आणि प्रकरण न्यायालयात असेल, तर कितीही हशा आलेला असो, तो तुकडा कापायचा. ही कात्री एकाच माणसाच्या हातात ठेवा, आणि तो माणूस सूत्रसंचालक नको. स्वतःच्या हशावर कात्री चालवणं भल्याभल्यांना जमत नाही.

पहिले तीन भाग रेकॉर्ड करा, पूर्ण संपादित करा आणि प्रसिद्ध करू नका. दोन आठवड्यांनी बसमध्ये, इअरफोन लावून ऐका आणि जिथे हात आपोआप फोनकडे गेला ते मिनिट लिहून ठेवा. त्या मिनिटाचं कार्ड काढून बघा, बहुतेक वेळा प्रश्न ३५ शब्दांच्या पुढे गेलेला असतो.